दाखल-खारीज रजिस्टर आणि डेटाबेसमधले जास्तीचे नियम

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपण जन्मतारीख दोनदा लिहितो. एकदा अंकी, एकदा अक्षरी. मुलं विचारतात, "सर, एकच गोष्ट दोनदा काहून लिहायची?" उत्तर सोपं आहे. अंकातल्या १ चा ९ करायला पेनाचा एक फटका पुरतो, पण अक्षरातल्या 'एक'चा 'नऊ' करता येत नाही. कागदावर ही पुनरावृत्ती पहारेकऱ्याचं काम करते.

आता हेच रजिस्टर संगणकात उतरवायचं ठरवा. अक्षरी तारीख अंकी तारखेवरून प्रोग्राम आपोआप तयार करून देतो, त्यामुळे तिला वेगळा रकाना लागत नाही. तरीही कुणी वेगळा रकाना ठेवलाच, तर "दोन्ही तारखा जुळल्या पाहिजेत" असा आणखी एक नियम लिहावा लागतो. म्हणजे एक जास्तीची माहिती ठेवली की तिला सांभाळायला एक जास्तीचा नियम येतो. मग त्या नियमाची चूक सांभाळायला आणखी काहीतरी. आजचा पाठ या जास्तीच्या नियमांबद्दल आहे: ते ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर काढायचे की ठेवायचे. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि शाळेच्या ऑफिसात ऑनलाइन नोंदी भरणाऱ्यांनाही. पालकांनी वाचलं तर "तुमच्या मुलाची एंट्री सिस्टीम घेत नाही" या वाक्यामागे काय असतं तेही कळेल.

आधी शब्द नीट करून घेऊ. रिलेशनल डेटाबेस म्हणजे तक्त्यांचा संच. आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. तक्त्यात आडव्या ओळी आणि उभे रकाने. त्यात काय चालेल आणि काय चालणार नाही हे सांगणारे नियम डेटाबेसलाच देऊन ठेवता येतात, त्यांना कन्स्ट्रेंट म्हणतात. शाळेच्या भाषेत सांगायचं तर 'रकाना रिकामा ठेवू नये' हा नॉट नल. 'एकच नंबर दोघांना देऊ नये' हा युनिक. 'या नंबरानेच मुलाची ओळख' ही प्रायमरी की. 'जी शाळा शाळांच्या यादीत नाही ती इथे लिहू नये' ही फॉरेन की. आणि 'प्रवेशाची तारीख जन्मतारखेनंतरची हवी' असले बाकीचे नियम म्हणजे चेक.

जास्तीचा नियम कोणता? जो काढून टाकला तरी उरलेले नियम त्याचं काम आपसूक करतात, तो. रेल्वेने समजून घेऊ. भुसावळकडून नागपूरला निघालो की अकोला मूर्तिजापूरच्या आधी येतं. मूर्तिजापूर बडनेऱ्याच्या आधी येतं. आता तिसरा नियम लिहिला की "अकोला बडनेऱ्याच्या आधी येतं", तर तो खोटा नाही, पण त्याने नवीन काहीच सांगितलं नाही. पहिले दोन पाळले की तिसरा पाळलाच जातो. तर्काच्या भाषेत तिसरा नियम पहिल्या दोघांतून निष्पन्न होतो.

मग राहू द्या ना, काय बिघडतं? बऱ्याच जणांचं हेच म्हणणं असतं. बिघडतं ते असं. प्रत्येक युनिक नियमामागे डेटाबेस एक इंडेक्स ठेवतो, पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखा. नवीन ओळ आली की प्रत्येक इंडेक्समध्ये नोंद करावी लागते. जागा जाते, वेळ जातो. पण पाच-सहाशे पटाच्या शाळेला हा खर्च जाणवणारही नाही, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही. खरा त्रास नियम बदलायची वेळ आली की होतो.

समजा प्रवेशाच्या तक्त्यात आधार क्रमांकाच्या रकान्याला नॉट नल लावलाय. शिवाय कुणीतरी चेकही लिहिलाय: "आधार रिकामा नसावा आणि बारा अंकी असावा." रिकामा नसावा ही अट दोन ठिकाणी झाली, म्हणजे नॉट नल जास्तीचा. आता २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधारच्या खटल्यात सांगितलं की शाळेतल्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. प्रोग्राम करणारा माणूस येतो, नॉट नल काढतो, "झालं साहेब" म्हणून जातो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातलं एक पोर शाळेत येतं, आधार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही. पण स्क्रीनवर लाल अक्षरात नकार येतो, कारण तो चेक तिथेच बसलेला आहे. मग ऑफिसमध्ये कुणीतरी बारा शून्य टाइप करतं आणि पोर दाखल होतं. आठवड्याने त्याची बहीण येते. पुन्हा बारा शून्य. या वेळी युनिक अडवतो, कारण बारा शून्यांचा 'आधार' आधीच कुणाचा तरी आहे! पोरगी पटावर येत नाही, आणि पटावर नाही म्हणजे पुस्तकं नाहीत, गणवेश नाही. कुणीच वाईट हेतूने काही केलेलं नसतं. एक नियम दोन जागी होता आणि एकाच जागचा काढला, एवढंच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. रिकामा रकाना म्हणजे नल, आणि युनिक नियम नलला कसा वागवतो हे प्रत्येक डेटाबेसचं वेगळं आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस कितीही रिकाम्या ओळी चालवून घेतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये साधा युनिक नियम एकच रिकामी ओळ घेतो. म्हणजे तिथे चेक दुरुस्त केला असता तरी बिनआधारचं पहिलं पोर बसलं असतं आणि दुसरं बाहेर राहिलं असतं.

आता शोधायचं कसं. सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

सगळ्यात सोपे जास्तीचे नियम नुसत्या नजरेने दिसतात. बहुतेक डेटाबेसमध्ये 'इन्फर्मेशन स्कीमा' नावाचा एक भाग असतो, त्यात नियमांची यादी मिळते. यादी कागदावर घ्या. प्रायमरी की असलेल्या रकान्याला पुन्हा नॉट नल लावलेला दिसेल. प्रायमरी की मुळातच रिकामी चालत नाही. त्याच रकान्याला पुन्हा युनिक लावलेला दिसेल, तोही जास्तीचा. ओरॅकल असा दुसरा युनिक घेतच नाही, "हा आधीच आहे" म्हणून परत पाठवतो. पोस्टग्रेसमध्ये तो नंतर जोडला तर निमूट स्वीकारला जातो आणि मागे दुसरा इंडेक्स तयार होतो.

यानंतरची पायरी जरा फसवी आहे. एकाच तक्त्यावर दोन युनिक नियम आहेत असं समजा. पहिला: शाळेचा यूडायस कोड आणि जनरल रजिस्टर क्रमांक ही जोडी दोनदा येऊ नये. दुसरा: यूडायस कोड, रजिस्टर क्रमांक आणि जन्मतारीख हे त्रिकूट दोनदा येऊ नये. यातला जास्तीचा कोणता? वर्गात विचारलं की निम्मी मुलं पहिल्याकडे बोट दाखवतात. "दुसऱ्यात पहिला येऊन जाते ना सर." रकाने येतात, नियम येत नाही. जोडीच जर दोनदा येऊ शकत नाही, तर तिच्यात तिसरं काही मिळवून बनलेलं त्रिकूट दोनदा येणारच नाही. म्हणून दुसरा जास्तीचा. उलट करून पाहा: पहिला काढला आणि दुसरा ठेवला, तर एकाच शाळेत रजिस्टर क्रमांक ४१२ दोन वेगवेगळ्या जन्मतारखांना देता येईल, आणि डेटाबेस हूं की चूं करणार नाही.

हे किती महागात पडेल ते आपल्यापैकी ज्यांनी दाखले लिहिले त्यांना सांगायला नको. जातपडताळणीच्या वेळी लोक आजोबा-पणजोबांच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे घ्यायला येतात. नाव, जात, जन्मतारीख, गाव, सगळं त्या एका क्रमांकाला बांधलेलं असतं. एका क्रमांकावर दोन पोरं असली, तर चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी नातवाच्या हातात दुसऱ्याचाच उतारा पडेल. तेव्हा सूत्र पाटीवर असं लिहा: युनिकमध्ये कमी रकाने असलेला नियम जास्त कडक असतो. जास्त रकान्यांचा सैल असतो. कडक असताना सैल जास्तीचा.

इथपर्यंत नजर पुरते. पुढे नियम साखळीने एकमेकांतून निघतात, तिथे पद्धत लागते. त्यासाठी 'फंक्शनल डिपेन्डन्सी' ही कल्पना पाहू. नाव मोठं, अर्थ छोटा: हे कळलं की ते एकच ठरतं. यूडायस कोड कळला की शाळेचा तालुका एकच ठरतो. हे आपण बाणाने लिहू: यूडायस → तालुका. उलट बाण नाही, कारण तालुका कळला म्हणून शाळा ठरत नाही.

चालू पटाचा एक तक्ता घ्या आणि त्यावर हे सहा नियम:

(१) यूडायस + रजिस्टर क्र. → नाव
(२) यूडायस + रजिस्टर क्र. + नाव → जन्मतारीख
(३) यूडायस → तालुका
(४) तालुका → जिल्हा
(५) यूडायस → जिल्हा
(६) यूडायस + रजिस्टर क्र. → तालुका

आता प्रत्येक नियमाची परीक्षा घ्यायची. तपासायचा नियम यादीतून बाजूला काढा. त्याच्या डाव्या बाजूला जे आहे तेवढंच आपल्याला माहीत आहे असं धरा. मग उरलेले नियम लावत जा आणि काय काय कळत जातं ते लिहा. नवीन काही मिळेनासं झालं की थांबा. जे जमलं त्याला क्लोजर म्हणतात, मी मुलांना 'पोहोच' म्हणून सांगतो. उजवी बाजू पोहोचीत आली तर नियम जास्तीचा. नाही आली तर गरजेचा.

पाचवा घ्या. बाजूला काढला. माहीत फक्त यूडायस. तिसऱ्याने तालुका कळला. चौथ्याने जिल्हा कळला. जिल्हा पोहोचीत आला, पाचवा जास्तीचा. सहावा घ्या. माहीत यूडायस आणि रजिस्टर क्रमांक. तिसऱ्याने तालुका आलाच. सहावाही जास्तीचा. चौथा काढून पाहा: नुसता तालुका माहीत असला तर जिल्ह्यापर्यंत नेणारा दुसरा कुठलाच नियम नाही. चौथा ठेवायचा. दुसऱ्या नियमात मात्र वेगळी गंमत आहे. नियम जास्तीचा नाही, पण त्याच्या डाव्या बाजूचं 'नाव' जास्तीचं आहे. यूडायस आणि रजिस्टर क्रमांक कळला की पहिल्या नियमाने नाव कळतंच, मग ते वेगळं कशाला द्यायचं? तेव्हा दुसरा नियम आखडून "यूडायस + रजिस्टर क्र. → जन्मतारीख" असा होतो. सहाचे चार नियम उरले आणि अर्थ तसूभर बदलला नाही. अशा किमान संचाला मिनिमल कव्हर म्हणतात.

या पद्धतीमागचे तर्काचे नियम विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १९७४ मध्ये मांडले, आणि ते पुरेसे आहेत हेही दाखवलं. म्हणजे खरोखर निष्पन्न होणारा एकही नियम त्यातून सुटत नाही. हाताने करायला वेळ लागतो, संगणकाला अगदी कमी.

पण आता खरा प्रश्न. चौथा नियम, तालुका → जिल्हा, हा खरा आहे का?

मूर्तिजापूरच्या शाळेतला डेटा पाहिला तर खराच वाटेल. कुरुम, माना, हातगाव, लाखपुरी, सगळी मुलं मूर्तिजापूर तालुक्यातली, सगळ्यांचा जिल्हा अकोला. हजार ओळी तपासा, एकही अपवाद मिळणार नाही. पण महाराष्ट्रात कळंब नावाचे दोन तालुके आहेत, एक यवतमाळ जिल्ह्यात आणि एक धाराशिवमध्ये. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. आपल्या शेजारचंच कारंजा घ्या. शकुंतलेच्या यवतमाळ फाट्यावरचं कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, आणि कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. ऑफिसात दोन्ही नुसतं 'कारंजा' म्हणून लिहिलं जातं.

म्हणजे रकान्यात तालुक्याचं नाव ठेवत असाल तर चौथा नियम खोटा आहे. तो काढावा लागेल. आणि चौथा काढला की पाचव्याची पोहोच तुटली! यूडायसवरून तालुका कळेल, 'कळंब'. पुढे जिल्हा ठरणार नाही. मघाशी ज्याला जास्तीचा म्हणून बाजूला ठेवला तो पाचवा नियम आता एकदम गरजेचा झाला. दुसरा मार्ग असा की तालुक्याच्या नावाऐवजी तालुक्याचा शासकीय कोड ठेवायचा. दोन कळंबांचे कोड वेगळे, त्यामुळे चौथा नियम खरा राहतो आणि पाचवा पुन्हा जास्तीचा.

कोडनेही सगळं भागत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या दाखल्यावर कारंज्याच्या मुलाचा जिल्हा अकोला लिहिलाय, आणि तो बरोबरच आहे. आजच्या दाखल्यावर वाशीम, तोही बरोबर. जुनं आणि नवं रजिस्टर एकाच तक्त्यात भरलं तर एकाच तालुक्याला दोन जिल्हे येणार. कुणी अतिउत्साहाने चौथा नियम लावून ठेवला असेल तर जुन्या नोंदी आत जाणार नाहीत, किंवा कुणीतरी त्या 'दुरुस्त' करून १९८५ च्या दाखल्यावर वाशीम लिहून टाकेल. माझं मत विचाराल तर जुन्या नोंदीत जिल्हा जसा लिहिलाय तसाच वेगळ्या रकान्यात ठेवावा. आजच्या तालुक्यावरून तो काढायला जाऊच नये.

हा भाग मी वर्गात मुद्दाम लांबवतो, कारण पुस्तकातल्या उदाहरणात नियम दिलेले असतात आणि ते खरे धरायचे असतात. प्रत्यक्षात डेटा पाहून नियम हुडकणारे प्रोग्रामही मिळतात. ते हजार ओळी चाळतात आणि सांगतात की तालुक्यावरून जिल्हा ठरतो, अमुक आडनावावरून गाव ठरतं. त्या हजार ओळींपुरतं ते खरं असतं. पण आजच्या ओळींत अपवाद नाही एवढ्याने तो नियम होत नाही. उद्या कळंबचं पोर आलं की काय करायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

आणखी एक खड्डा. समजा पटावर प्रत्येक मुलाचा पेन, म्हणजे पर्मनंट एज्युकेशन नंबरही आहे. चालू पटापुरतं बोलायचं तर पेनवरून यूडायस + रजिस्टर क्रमांक ठरतो, आणि यूडायस + रजिस्टर क्रमांकावरून पेन. दोन्हीकडे बाण. शिवाय दोन नियम: पेन → नाव, आणि यूडायस + रजिस्टर क्र. → नाव. पहिल्याची परीक्षा घ्या. पेनवरून यूडायस आणि रजिस्टर क्रमांक, त्यावरून नाव. जास्तीचा! दुसऱ्याची घ्या. यूडायस आणि रजिस्टर क्रमांकावरून पेन, पेनवरून नाव. हाही जास्तीचा! दोन्ही काढले तर? नाव कशावरूनच ठरत नाही. दोघेही एकमेकांच्या भरवशावर जास्तीचे होते. म्हणून नियम एकेक करून काढायचा, आणि एक काढला की उरलेल्या यादीवर परीक्षा नव्याने सुरू करायची. जास्तीच्यांची यादी करून सगळ्यांवर एकदम काट मारायची नाही. त्यामुळे किमान संच एकच असतो असंही नाही. कोणता नियम आधी काढला त्यावर शेवटी काय उरतं ते ठरतं, आणि दोन विद्यार्थ्यांची उत्तरं वेगळी येऊनही दोन्ही बरोबर असू शकतात. पेपर तपासताना एवढं लक्षात असू द्या.

फॉरेन कीचं प्रकरण थोडक्यात. विद्यार्थ्याच्या तक्त्यात यूडायस आणि तालुका कोड दोन्ही रकाने आहेत आणि दोन्ही सक्तीचे आहेत. "ही जोडी शाळांच्या तक्त्यात असलीच पाहिजे" अशी जोडीची फॉरेन की लावली, आणि शाळांच्या तक्त्यातला तालुका तालुक्यांच्या यादीशी आधीच बांधलेला आहे. मग विद्यार्थ्याच्या तालुक्याला थेट तालुक्यांच्या यादीशी बांधणारी फॉरेन की जास्तीची. मात्र जोडीची फॉरेन की नसेल, नुसती यूडायसची असेल, तर थेट की जास्तीची नाही. नाहीतर शाळा मूर्तिजापूरची आणि तालुक्याचा कोड कुठल्याच यादीत नसलेला, अशी ओळ आत येईल.

आणि इथेच एक असा नियम भेटतो जो तर्काने जास्तीचा आहे पण काढता येत नाही. जोडीच्या फॉरेन कीसाठी शाळांच्या तक्त्यात 'यूडायस + तालुका' या जोडीवर युनिक लागतो. यूडायस एकटाच प्रायमरी की असल्याने जोडी आपोआप एकमेव आहे, म्हणजे हा युनिक जास्तीचा. पण पोस्टग्रेससारखे डेटाबेस तो लिहिलेला असल्याशिवाय जोडीची फॉरेन की लावूच देत नाहीत. वर सांगितलेलं "कमी रकान्यांचा कडक" हे सूत्र पाठ करून कुणी सफाईला निघालं तर नेमका हाच हाती लागतो. असा नियम ठेवा आणि शेजारी टीप लिहा की तो कशासाठी आहे.

चेक नियमांसाठी पोहोच काढायची पद्धत चालत नाही. तिथे मी मुलांना साक्षीदार शोधायला सांगतो. नियम जास्तीचा आहे असं म्हणता ना? मग अशी एक ओळ बनवून दाखवा जी बाकी सगळे नियम पाळते आणि फक्त हा एक मोडते. अशी ओळ सापडली तर नियम गरजेचा. ती सापडणं शक्यच नाही हे पटवून देता आलं तर जास्तीचा.

यूडायस कोड अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, अकोल्याचे ०५. नंतर दोन तालुक्याचे, तीन गाव किंवा वॉर्डाचे, शेवटचे दोन शाळेचे. तीन चेक लिहिलेत: कोड २७ ने सुरू व्हावा, कोड २७०५ ने सुरू व्हावा, कोडाची लांबी अकरा असावी. पहिल्याचा साक्षीदार शोधा. २७ ने सुरू न होणारा पण २७०५ ने सुरू होणारा कोड? शक्यच नाही. पहिला जास्तीचा. तिसऱ्याचा साक्षीदार: २७०५१. बाकी दोन्ही पाळतो, लांबी पाच. तिसरा ठेवायचा.

आता दोन चेक पाहा: "प्रवेशाची तारीख जन्मतारखेनंतरची" आणि "प्रवेशाच्या दिवशी सहा वर्षं पूर्ण". दुसरा पाळला की पहिला पाळलाच जातो, म्हणून पहिला जास्तीचा. तरीही मी तो काढणार नाही. जन्माआधी कुणी शाळेत जात नाही हे शासन निर्णयाने बदलत नाही. सहा वर्षांची अट मात्र बदलू शकते. उद्या बालवाडीचे वर्ग याच तक्त्यात आले तर ती सैल होईल आणि तेव्हा पहिला नियम एकटाच पहाऱ्यावर उरेल.

चेकच्या बाबतीत नल पुन्हा आडवा येतो. "सहा वर्षं पूर्ण" हा चेक आहे, मग जन्मतारखेला नॉट नल कशाला, असं वाटू शकतं. पण जन्मतारीख रिकामी असेल तर वय सहा आहे की नाही याचं उत्तर 'माहीत नाही' येतं, आणि चेक फक्त 'नाही' असं उत्तर आलं तरच अडवतो. माहीत नाही म्हटलं की ओळ आत. त्यामुळे हा नॉट नल जास्तीचा नाही. आणि मायएसक्यूएल वापरत असाल तर आवृत्ती पाहा. ८.०.१६ या आवृत्तीच्या आधी मायएसक्यूएल चेक नियम वाचून घ्यायचं आणि चक्क सोडून द्यायचं. जुन्या संगणकावर "हे काम चेक करतो" म्हणून दुसरा नियम काढला तर तिथे प्रत्यक्षात कुणीच पहाऱ्यावर नसतं. आधी एक मुद्दाम चुकीची ओळ टाकून चेक खरंच अडवतो का ते बघावं.

तयार साधनं आहेत. मायएसक्यूएलच्या 'सिस' स्कीमामध्ये जास्तीचे इंडेक्स दाखवणारी यादी मिळते, परकोनाचं डुप्लिकेट की शोधणारं साधन आहे. यादी फक्त इंडेक्स बघते, परकोनाचं साधन इंडेक्स आणि फॉरेन की बघतं. कळंब-कारंज्याचं त्यांना काही कळत नाही. आणि सगळं शोधून देणारं साधन कधी होणारही नाही. फंक्शनल डिपेन्डन्सी आणि फॉरेन कीसारखे तक्त्या-तक्त्यांमधले नियम सरसकट एकत्र आले की "हा नियम बाकीच्यांतून निघतो का" याचं उत्तर प्रत्येक वेळी देणारी एकच यांत्रिक पद्धत असू शकत नाही, हे १९८० च्या दशकात गणिताने सिद्ध झालंय. आपल्या शाळेच्या चार-पाच तक्त्यांसाठी मात्र कागद, पेन्सिल आणि एक तासिका पुरते.

वर्गासाठी सराव देतो. शिष्यवृत्तीचा तक्ता घ्या, एका ओळीत एका मुलाचा एका वर्षाचा अर्ज. नियम असे: (१) अर्ज क्र. → पेन, (२) अर्ज क्र. → वर्ष, (३) पेन + वर्ष → अर्ज क्र., (४) पेन + वर्ष → बँक खाते, (५) अर्ज क्र. → बँक खाते, (६) पेन → बँक खाते. मुलांना आधी फक्त पहिल्या पाच नियमांवर काम करू द्या. तिथे चौथा किंवा पाचवा, कोणताही एक काढता येतो, दोन्ही नाही. मग सहावा जोडा. आता दोन्ही निघतात: पाचवा पहिल्या आणि सहाव्यातून, आणि चौथा नुसत्या सहाव्यातून. हे झालं की विचारा, सहावा नियम खरा आहे का? पहिलीत आईच्या नावाचं खाते दिलं आणि पाचवीत मुलाचं स्वतःचं उघडलं, अशी दोन-तीन उदाहरणं तुमच्याच वर्गात निघतील. निघाली की सहावा खोडायचा आणि चौथा-पाचव्याचा हिशेब पुन्हा मांडायचा.